मॅकवर विंडोज न टाकता विंडोजचा जुना प्रोग्राम कसा चालवायचा

आमच्या काकांची नागपुरात कळमना मार्केटला संत्र्याची अडत आहे. कोणत्या शेतकऱ्याचा किती माल आला, काय भावाने गेला, हमाली-तोलाई किती कापली आणि पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदावर, शेवटी किती रक्कम निघाली, हे सगळं एका जुन्या प्रोग्राममध्ये आहे. ओळखीच्या एका मुलाने २००६ साली व्हिजुअल बेसिकमध्ये तो लिहून दिला. मुलगा पुढे परदेशी गेला, प्रोग्राम मात्र इमानेइतबारे चालत राहिला. गेल्या वर्षी ऐन आंबिया बहाराच्या तोंडावर दुकानातल्या डेस्कटॉपने मान टाकली. घरात चुलतभावाचं मॅकबुक होतं. काकांनी सरळ विचारलं, "एवढं महागाचं मशीन आहे घरात, अन् माहा हिशोब त्याच्यावर काहून चालून नाही राहिला?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे जे करावं लागलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुमचा प्रोग्राम वेगळा असेल. दवाखान्याचा असेल, पतसंस्थेचा, शाळेच्या वेळापत्रकाचा किंवा पत्रिका बनवायचा. पण अडचणी बहुतेक याच येतात, आणि याच क्रमाने येतात. टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करायचा मार्ग मी मुद्दाम टाळला आहे. माउस चालवता येणाऱ्या कुणालाही हे जमायला हवं.

आधी हे नेमकं काय असतं ते समजून घ्या

विंडोजचा प्रोग्राम चालताना सतत काहीतरी मागत असतो: ही फाइल उघड, इथे खिडकी काढ, प्रिंटरला हे पाठव. या मागण्या तो विंडोजच्या भाषेत करतो. मॅकला ती भाषा येत नाही, म्हणून विंडोज प्रोग्रामच्या एक्सई फाइलवर डबल-क्लिक केलं तर मॅक तिला हातच लावत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मॅकच्या पोटात अख्खं विंडोज वसवायचं. पॅरलल्स, व्हीएमवेअर फ्यूजन, यूटीएम ही त्यासाठीची साधनं. पाहुणा येणार म्हणून अंगणात दुसरं घर बांधावं, तसा हा प्रकार आहे. विंडोज ११ ला ६४ जीबी जागा लागते, रॅममधला वाटा वेगळा, विंडोजचं लायसन्स वेगळं आणि त्याचे अपडेट्सही सांभाळायचे. एका हिशेबाच्या प्रोग्रामसाठी एवढा पसारा मला पटत नाही.

दुसरा उपाय म्हणजे दुभाष्या ठेवायचा. त्याचं नाव वाइन. हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर असून त्याचं काम १९९३ साली सुरू झालं. १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडलं, यावरून कामाचा आवाका लक्षात येईल. प्रोग्रामने विंडोजच्या भाषेत मागणी केली की वाइन ती जागच्या जागी मॅकच्या भाषेत सांगतो आणि मॅकचं उत्तर प्रोग्रामला विंडोजच्या भाषेत देतो. मधे विंडोज कुठेच नसतं. म्हणून लायसन्सही लागत नाही. तुमच्या प्रोग्रामचं स्वतःचं लायसन्स मात्र लागतंच.

एक गोष्ट आणखी. २०२० च्या नोव्हेंबरपासून अ‍ॅपलने मॅकमध्ये स्वतःची चिप बसवायला सुरुवात केली: एम१, मग एम२, एम३ अशी. विंडोजचे जुने प्रोग्राम इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले आहेत. त्यामुळे या मॅकवर दोन दुभाषे लागतात. मागण्या वाइन सांभाळतो आणि प्रोसेसरच्या सूचना अ‍ॅपलचा रोझेटा २ सांभाळतो. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता यायचं. नव्या चिपवर ती सोय नाही.

खरंच गरज आहे का?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारा, कारण निम्मी मंडळी इथेच सुटतात. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट मॅकवर स्वतंत्रपणे मिळतात. अ‍ॅक्सेस आणि पब्लिशर मिळत नाहीत. नुसत्या फाइल उघडायच्या असतील तर लिब्रेऑफिस मोफत आहे. अनेक कामं आता ब्राउझरमध्येच होतात.

मग दुसरा प्रश्न: तुमच्या प्रोग्रामला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम, लागतो का? यूएसबीला लावायचं डोंगल (प्रोग्रामची किल्ली), डिजिटल सहीचं टोकन, तपासणीचं यंत्र असं काही असेल तर थांबा. वाइन प्रोग्रामच्या मागण्या सांगतो, हार्डवेअरचे विंडोज ड्रायव्हर चालवत नाही. डीटीपीवाल्यांची काही जुनी लिपी-सॉफ्टवेअर डोंगलशिवाय उघडतच नाहीत, ती या मार्गाने चालतील अशी आशा धरू नका. डिजिटल सहीचं टोकन असेल तर त्या कंपनीचा मॅकसाठीचा ड्रायव्हर मिळतो का ते पाहा आणि सही मॅकच्या ब्राउझरमधूनच करा. धंतोलीत कर सल्लागार असलेल्या माझ्या मित्राला मी हेच सांगितलं. टॅलीची मॅकसाठी वेगळी आवृत्ती येत नाही. रोजचा धंदा टॅलीवर असेल तर सर्व्हरवर चालणारी टॅली घेऊन ती मॅकवरून वापरणं जास्त भरवशाचं. खेळांमध्येही हीच मेख आहे. व्हॅलोरंटसारख्या खेळाची फसवणूक रोखणारी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर बसवते, म्हणून तो इथे चालत नाही.

डोंगल नाही, ड्रायव्हर नाही आणि प्रोग्राम साधा खिडक्या-बटणांचा असेल, तर पुढे चला.

सामान गोळा करा, आणि ते आधी करा

या पायरीला मी सर्वात जास्त महत्त्व देतो. काकांच्या बंद डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क आम्ही काढली, बर्डीच्या बाजारातून यूएसबी केसिंग आणलं आणि डिस्क मॅकला जोडली. विंडोजच्या एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण त्यांच्यावर काही लिहीत नाही. हे उलट बरंच आहे, चुकून मूळ डेटाला धक्का लागत नाही.

डिस्कवरून चार गोष्टी कॉपी करून घ्या. पहिली, प्रोग्रामचा मूळ सेटअप. दुसरी, डेटाचं अख्खं फोल्डर. तिसरी, प्रोग्रामचं बसवलेलं फोल्डर, कारण कधीकधी डेटा तिथेच असतो. चौथी, विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले मराठीचे जुने फॉन्ट. आणि डेटाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो बाजूला ठेवून द्या. पुढची कुठलीही खटपट मूळ डेटावर करायची नाही, प्रतीवरच करायची.

सेटअप शोधायला कंटाळू नका, असं मी कळकळीने सांगतो. आम्ही पहिल्यांदा तेच केलं नाही. डेस्कटॉपवरच्या चित्राच्या मागची एक्सई फाइल तेवढी उचलली आणि वाटलं, काम झालं. उघडायला गेलो तर एमएसव्हीबीव्हीएम६० नावाची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडत नाही असा संदेश. ही व्हिजुअल बेसिक ६ ची रनटाइम फाइल, म्हणजे त्यात लिहिलेला प्रोग्राम चालायला लागणारा भाग. विंडोज ७ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने आधीच घालून दिलेली असते, म्हणून जुन्या डेस्कटॉपवर तिची कधी आठवणही आली नव्हती. वाइनमध्ये ती नसते. रनटाइम घातला तर पुढचा संदेश आला: एमएससीओएमसीटीएल ही ओसीएक्स फाइल नीट नोंदवलेली नाही. म्हणजे यादी दाखवायचा तक्ता, टूलबार असले प्रोग्रामचे सुटे भागही हवेत, आणि ते नुसते जवळ असून भागत नाही, त्यांची नोंद व्हावी लागते. एक भाग घातला की दुसरा रुसायचा.

शेवटी डी ड्राइव्हच्या एका कोपऱ्यात 'सेटअप नवीन' नावाचं फोल्डर सापडलं. आत सेटअपची एक्सई, शेजारी एलएसटी शेपटीची एक फाइल आणि एक कॅब फाइल. व्हिजुअल बेसिकच्या काळातले सेटअप असेच तिघांचे असायचे. एलएसटीमध्ये काय काय बसवायचं त्याची यादी असते आणि कॅबमध्ये सगळे भाग बांधलेले असतात. हा सेटअप चालवल्यावर रनटाइम, ओसीएक्स आणि डेटाबेस वाचायचं इंजिन, सगळं एका दमात जागेवर बसलं. तिन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये एकत्र ठेवा, नुसती एक्सई उचलली तर सेटअप अर्ध्यात अडकतो.

मॅक कोणता आहे ते पाहा

वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करा आणि 'अबाउट धिस मॅक' उघडा. 'चिप' या शब्दापुढे अ‍ॅपल एम१ वगैरे दिसलं तर रोझेटा लागेल. 'प्रोसेसर' या शब्दापुढे इंटेल दिसलं तर लागणार नाही. रोझेटा वेगळा शोधायला जायचं नाही. इंटेलसाठी बनलेलं पहिलं अ‍ॅप उघडलं की मॅक स्वतःच विचारतो, 'इन्स्टॉल' म्हणा. इंटरनेट चालू हवं.

इंटरनेटवरचे जुने मार्गदर्शक लेख पाहून गोंधळ होतो, त्याचं कारणही सांगून ठेवतो. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकने ३२-बिट अ‍ॅप चालवणं पूर्ण बंद केलं. विंडोजचे जुने प्रोग्राम तर बहुतेक ३२-बिटच. त्यामुळे त्याआधीच्या वाइनच्या युक्त्या आज लागू पडत नाहीत. वाइनकारांनी नंतर ६४-बिट मॅकवर ३२-बिट विंडोज प्रोग्राम चालवायची सोय केली, म्हणून नवीन आवृत्तीच घ्या. वाइन वापरणारं व्हिस्की नावाचं मोफत अ‍ॅपही अनेक व्हिडिओंत दाखवतात. त्याच्या निर्मात्याने २०२५ मध्ये काम थांबवलं आणि वापरणाऱ्यांना क्रॉसओव्हरकडे (त्याबद्दल पुढे सांगतो) जायला सांगितलं. नव्याने त्यात शिरू नका.

क्रॉसओव्हर बसवा

वाइन दोन तऱ्हांनी वापरता येतं. नुसतं मोफत वाइन घेतलं तर मॅकची सुरक्षा त्याला अडवते, परवानग्या द्याव्या लागतात आणि पुष्कळ कामं टर्मिनलमधून करावी लागतात. ज्याला त्याची सवय आहे त्याने जरूर करावं. नवख्याला मी क्रॉसओव्हर सुचवतो. कोडवीव्हर्स ही कंपनी ते बनवते. आतलं यंत्र वाइनचंच, वरून बटणं आणि मदतीला आयत्या याद्या. हीच कंपनी वाइनच्या विकासालाही हातभार लावते, त्यामुळे दिलेले पैसे मूळ मोफत प्रकल्पालाही उपयोगी पडतात.

किंमत डॉलरमध्ये आहे, ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. पण आधी १४ दिवस फुकट वापरून बघता येतं आणि त्या काळात काहीही कापून ठेवलेलं नसतं. हे १४ दिवस वाया घालवू नका. सेटअप, डेटा, फॉन्ट सगळं हाताशी आलं की मगच ट्रायल सुरू करा. एक वर्षाचं लायसन्स घेतलं तर वर्षभर नव्या आवृत्त्या मिळतात. वर्ष संपल्यावर तुमच्याकडची आवृत्ती चालत राहते, पुढच्या मिळत नाहीत.

कोडवीव्हर्सच्या संकेतस्थळावरून मॅकची आवृत्ती उतरवा. झिप फाइल उघडली की अ‍ॅप बाहेर येतं. पहिल्यांदा उघडताना ते अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये जायची परवानगी मागेल, ती द्या. मग ट्रायलचं बटण दाबा.

पहिला हात नोटपॅड++ वर फिरवा

थेट काकांच्या हिशेबाला हात घालायच्या आधी आम्ही नोटपॅड++ बसवून पाहिलं. ते फक्त विंडोजसाठी आहे, मोफत आहे आणि वाइनवर छान चालतं. हे चाललं म्हणजे रोझेटा, क्रॉसओव्हर, परवानग्या सगळं जागेवर आहे असं समजा. पुढे काही बिघडलं तर बिघाड तुमच्या प्रोग्रामपुरता आहे हे कळतं, मॅकवर संशय घेत बसावं लागत नाही.

क्रॉसओव्हरमध्ये 'इन्स्टॉल' दाबा आणि शोधाच्या चौकटीत प्रोग्रामचं नाव टाका. यादीत नाव असलं तर पुढचं तो स्वतः करतो. किती नीट चालतं ते ताऱ्यांच्या संख्येवरून कळतं. नोटपॅड++ उघडा, दोन ओळी मराठीत लिहा, सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, घाबरू नका.

तुमच्या प्रोग्रामसाठी वेगळी बॉटल

क्रॉसओव्हरमध्ये 'बॉटल' हा शब्द सारखा भेटेल. बॉटल म्हणजे एक फोल्डर, ज्याच्या आत खोटा सी ड्राइव्ह, विंडोजच्या नावाचं फोल्डर आणि खोटी रजिस्ट्री (सेटिंगची नोंदवही) असते. प्रोग्रामला वाटतं आपण विंडोजच्या संगणकावर आहोत. एका बॉटलमधला गोंधळ दुसरीत जात नाही, म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या प्रोग्रामला स्वतःची बॉटल द्या. नाव ओळखू येईल असं ठेवा. आमच्या बॉटलचं नाव 'अडत'.

काकांचा प्रोग्राम अर्थातच कुठल्या यादीत नव्हता. अशा वेळी 'इन्स्टॉल' मध्ये जाऊन यादीत नसलेला प्रोग्राम बसवायचा पर्याय निवडा, सेटअपची एक्सई दाखवा, नवी बॉटल करा आणि प्रकार म्हणून विंडोज १० ६४-बिट घ्या. ६४-बिट बॉटलमध्ये ३२-बिट प्रोग्रामही चालतात. मग विंडोजसारखाच सेटअप समोर येतो: नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. निळ्या पार्श्वभूमीची ती जुनी खिडकी मॅकबुकच्या पडद्यावर उघडली तेव्हा काका खुर्ची ओढून जवळ येऊन बसले.

सेटअप कितीही शोधला तरी नाहीच सापडला, तर लागणारे भाग एकेक करून घालावे लागतात. 'इन्स्टॉल' च्या शोधात व्हिजुअल बेसिक ६ चा रनटाइम शोधा आणि नव्या बॉटलमध्ये नाही, प्रोग्रामच्याच बॉटलमध्ये घाला. डेटा अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये असेल आणि 'प्रोव्हायडर' सापडत नाही असं प्रोग्राम म्हणत असेल, तर एमडॅक २.८ आणि जेट ४.० हे भाग हवे आहेत. संदेशातलं नाव जसंच्या तसं लिहून घेत जा, उत्तर त्या नावातच असतं.

डेटा आणि डी ड्राइव्ह

प्रोग्राम उघडला, पण आत एकही शेतकरी दिसेना. काकांचा चेहरा उतरला. डेटा गेलेला नव्हता. प्रोग्राम तो डी ड्राइव्हवर 'संत्रा' नावाच्या फोल्डरमध्ये शोधत होता, कारण लिहिणाऱ्याने तसा पत्ता पक्का घालून ठेवला होता. बॉटलमध्ये डी ड्राइव्ह नव्हताच.

उपाय सोपा आहे. बॉटल निवडा, 'वाइन कॉन्फिगरेशन' उघडा, 'ड्राइव्ह्ज' या पानावर जाऊन 'अ‍ॅड' दाबा आणि डी हे अक्षर निवडा. त्याचा पत्ता म्हणून मॅकवरचं ते फोल्डर दाखवा ज्याच्या आत 'संत्रा' आहे. 'संत्रा' दाखवायचं नाही, त्याच्या वरचं दाखवायचं, नाहीतर पत्ता एक घर चुकतो. बदल लागू करून प्रोग्राम पुन्हा उघडा. आमच्या पडद्यावर काटोल, नरखेड, कळमेश्वरची नावं एकाखाली एक उतरली.

त्याच पानावर झेड नावाचा ड्राइव्हही दिसेल. त्यातून विंडोजच्या प्रोग्रामला तुमचा अख्खा मॅक दिसतो. विंडोजचे व्हायरसही वाइनमध्ये चालू शकतात आणि झेडमधून तुमच्या कागदपत्रांपर्यंत पोचू शकतात. म्हणून सेटअप विश्वासाच्या जागेवरूनच घ्या. प्रोग्रामला डी पुरत असेल तर झेड काढून टाकलेला बरा, आम्ही काढला.

अक्षरं फुटलेली दिसतात तेव्हा

नावं इंग्रजीत होती ती नीट दिसली, पट्टीचा मथळा आणि 'हमाली', 'तोलाई', 'एकूण' यांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. मजकूर ठीकच होता. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळात मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी चित्रं बसवायचे. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुन्या डिस्कवरून आणलेली टीटीएफ फाइल डबल-क्लिक करून मॅकमध्ये बसवा. मग क्रॉसओव्हर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरीही नाही दिसला तर बॉटलचा सी ड्राइव्ह उघडून 'विंडोज' च्या आतल्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये फाइल टाका.

अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी असतील तर गोष्ट वेगळी. प्रोग्राम युनिकोडचा आहे आणि तो विंडोजमधला मंगल फॉन्ट शोधतो आहे, जो इथे नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे मोफत फॉन्ट मॅकमध्ये बसवा आणि प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये फॉन्ट बदलता येत असेल तर तो बदला.

तारीख: इथे डोळ्यांत तेल घालून बघा

सगळं चालू झालं, प्रिंटही निघाली. काकांनी फाइलमधून जुन्या छापील पट्ट्या काढल्या आणि पडद्याशी ताडून बघू लागले. रक्कम जुळत होती, नग जुळत होते. एका पट्टीवर काका थांबले. "मे महिन्यात कुठला आंबिया आला रे?"

पडद्यावर ११/५ लिहिलं होतं. छापील पट्टीवर ५/११, म्हणजे पाच नोव्हेंबर. मॅकचा प्रदेश अमेरिका ठेवलेला होता, त्यामुळे महिना आधी आणि दिवस मागे. आंबियाचा माल दिवाळीच्या आसपास येतो हे ज्याला माहीत आहे त्याच्याच नजरेला हे खटकणार, माझ्या खटकलं नव्हतं. जुना डेटा दिसायलाच उलटा होता, तो बिघडला नव्हता. पण त्या दिवशी कुणी नवी पट्टी ५/११ म्हणून भरली असती तर ती खरोखरच ११ मे म्हणून साठली असती, आणि १३ तारखेनंतरच्या पट्ट्यांवरून कधीतरी घोळ लक्षात आला असता.

म्हणून एकही नवी नोंद करण्याआधी हे करा. मॅकच्या सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'जनरल', मग 'लँग्वेज अँड रीजन', आणि रीजन म्हणून 'इंडिया'. क्रॉसओव्हर बंद करून उघडा. मग महिन्याच्या १२ तारखेच्या आतल्या दहा जुन्या नोंदी कागदाशी ताडा. २५ तारखेची नोंद ताडून उपयोग नाही, तिथे दिवस-महिन्याची गल्लत होऊच शकत नाही. हे काम ज्याचा धंदा आहे त्याला शेजारी बसवून करा.

कीबोर्ड, प्रिंटर

काका नोंद सेव्ह करायला एफ२ दाबतात, वीस वर्षांची सवय. मॅकबुकवर त्या कळीने पडद्याचा उजेड वाढतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये एफ१, एफ२ या कळा साध्या फंक्शन कळा म्हणून वापरायचा पर्याय आहे, तो चालू करा. कॉपी-पेस्टसाठी बॉटलच्या आत कमांड नाही, कंट्रोलच दाबायचं, विंडोजसारखं.

मॅकला जोडलेला प्रिंटर विंडोजच्या प्रोग्रामलाही दिसतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. मात्र जुने प्रोग्राम डॉट मॅट्रिक्सला थेट एलपीटी१ (जुन्या प्रिंटरचं पोर्ट) मधून अक्षरं पाठवत असतील तर ते साध्यासरळ मार्गाने होणार नाही. आमच्या प्रोग्राममध्ये प्रिंटर निवडायची खिडकी होती, म्हणून लेसरवर पट्टी निघाली.

पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार

अ‍ॅपलने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे की रोझेटा सर्व अ‍ॅपसाठी मॅकओएस २७ पर्यंतच राहील, त्यानंतर काही जुन्या खेळांपुरताच. वाइन आणि क्रॉसओव्हर त्यातून कसा मार्ग काढतात ते कळेपर्यंत, दुकानाच्या मॅकवर मोठं अपडेट आलं की लगेच 'हो' म्हणू नका. आधी कोडवीव्हर्सच्या संकेतस्थळावर त्या आवृत्तीचा उल्लेख पाहा. ऐन मोसमात तर अजिबात अपडेट करू नका, आंबिया-मृगाच्या मधल्या निवांत दिवसांत करा.

आणि सगळं चालतंय असं दिसलं की त्याच दिवशी बॉटलवर उजवी क्लिक करून ती आर्काइव्हमध्ये एक्सपोर्ट करा. बसवलेला प्रोग्राम, रनटाइम, बॉटलमधले फॉन्ट, बॉटलची सेटिंग सगळं एका फाइलमध्ये बांधलं जातं; मॅकमध्ये बसवलेले फॉन्ट आणि मॅकची सेटिंग मात्र त्यात येत नाही. उद्या मॅक बदलला तर नव्या मॅकवर क्रॉसओव्हर टाकायचं, तीच फाइल परत घ्यायची आणि डी ड्राइव्हचा पत्ता तपासायचा, की पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात नाही. डेटाचं फोल्डर बॉटलच्या बाहेर आहे हे मात्र विसरू नका, त्याची प्रत वेगळी घ्यावी लागते. आमच्याकडे दोन पेन ड्राइव्ह आहेत. एक दुकानाच्या गल्ल्यात असतो, दुसरा घरी, आणि दर शनिवारी बाजार उठल्यावर काका ते स्वतः बदलतात.